वसतिगृहांतील उष्टें ताट

गेल्या दिवाळीनंतर आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पत्र लांबलचक आहे व त्यांतला बराचसा मजकूर खासगी आहे. तो येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्यांतील एक प्रसंग मात्र आमच्या मनांतून जाईना. त्यांचे चिरंजीव पुण्यास एका महाविद्यालयांत शिकतात व तेथल्याच वसतिगृहांत राहतात. सुटींत घरीं आले, पहिल्याच दिवशीं जेवावयास बसले, आणि पानांत भात, अर्धी पोळी व वाटींत निम्मी आमटी टाकून उठले. आईनें विचारलें, "अरे, आवडलं नाही का?" मुलगा म्हणाला, "छान झालं होतं की गं आई. पोट भरलं." "मग पानात का टाकलंस?" यावर त्यानें ताटाकडे असें पाहिलें, कीं त्या ताटाशीं आपला कांहीं संबंध आहे हें जणूं त्याच्या प्रथमच ध्यानांत येत होतें. "तिकडे सगळेच टाकतात," एवढेंच म्हणून तो हात धुवावयास गेला. भगिनी पुढें लिहितात, "मुलगा व्यसनी नाहीं, उर्मट नाहीं, अभ्यासांतहि मागें नाहीं. मग मला इतकें कां लागलें तें मलाच उमगत नाहीं. आपण कांहीं सांगाल काय?"

उत्तर आम्हीं लगेच दिलें नाहीं. 'काळच तसा आला आहे' असें लिहून मोकळें होणें सोपें होतें. पण असल्या उत्तरानें कोणाच्याहि घरांतली आमटीची वाटी रिकामी होत नाहीं. शेवटीं परिचयाच्या एका प्राध्यापकांस गळ घातली, त्यांच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहांत दोन दिवस जाऊन राहिलों, आणि दोन्ही वेळां खाणावळींत — तेथें तिला मेस म्हणतात — ताटें परत देण्याच्या खिडकीजवळ खुर्ची टाकून बसलों. त्या संस्थेचें नांव येथें देत नाहीं. जें दिसलें तें कांहीं तिच्याच चार भिंतींत घडतें असें नाहीं.

जातांना आमच्या मनांत एक तयार उत्तर होतें, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या वडील पिढीचे विद्यार्थी वार लावून जेवले, नाहीं तर झोळी घेऊन पांच घरीं माधुकरी मागून शिकले. पुण्यांत १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें — आजचें पुणें विद्यार्थी गृह तें हेंच — तें अशाच निराधार मुलांसाठीं. ज्यानें उन्हांतून हिंडून अन्न गोळा केलें तो त्यांतलें शीत तरी कसें टाकील? आतांच्या मुलांस अन्न आयतें मिळतें म्हणून तीं टाकतात, असें आम्ही लिहिणार होतों, आणि बहुधा त्यावर आमच्या पुष्कळ वाचकांनीं माना डोलावल्या असत्या.

परंतु जुन्या काळाचे गोडवे गातांना आम्हांस अलीकडे अडखळावयास होतें. न टाकण्याची ती सवय उपदेशानें लागलेली नव्हती. ती अपुरेपणानें लागलेली होती, आणि पुरेपणा आला त्या दिवशीं ती सुटली. लग्नमुंजींच्या पंगती आठवून पाहाव्या. जिलबीचा, श्रीखंडाचा आग्रह सुरू झाला कीं पाहुण्यानें दोन्ही हात पानावर आडवे धरावे, आणि यजमानानें बोटांच्या फटींतून वाढावें! पान भरलेलें उरलें तर त्यांत यजमानाची शोभा. आणि तीं उष्टीं पानें मांडवाबाहेर पडत तेव्हां त्यांची वाट पाहत कोण उभें असे, हें आपल्या घरांतल्या आठवणींत सहसा येत नाहीं. दलित लेखकांच्या आत्मचरित्रांतून मात्र येतें. तेव्हां 'आमच्या वेळीं असें नव्हतें' हें वाक्य आम्हीं गाडींतच खोडलें, हें बरें झालें.

आतां प्रत्यक्ष पाहिलें तें सांगतों. खाणावळींत तीन-चारशें मुलें जेवतात. रांग जिन्यापर्यंत जाते. प्रत्येकाच्या हातांत खणाखणांचें पोलादी ताट. टेबलामागें वाढपी उभे. त्यांना रांग संपविण्याची घाई, मुलांना प्रयोगशाळेची घाई. 'भात किती वाढूं?' असें विचारण्यास कोणासच सवड नसते. डाव भरला कीं खणांत पडला. आणि तो भाताचा खण एवढा मोठा, कीं पोटापुरता भात घेतला तर त्यांत तो केविलवाणाच दिसावा. जेवण झालें कीं ताट खिडकींतून आंत सरकवावयाचें. खिडकीस रबरी पडदा आहे. पडद्यापलीकडे भांडीं घासणाऱ्या मावशी ताट पिंपांत झटकतात. अलीकडच्यांस पिंप दिसत नाहीं, पलीकडच्यांस मुलांचीं तोंडें दिसत नाहींत. पडदा कोणीं लावला, असें आम्हीं विचारलें. दुर्गंधी बाहेर येऊं नये म्हणून, असें उत्तर मिळालें. हेतु अगदीं चांगला होता!

रात्रीचें जेवण आटोपल्यावर आम्ही पडद्यामागें गेलों. तीन निळीं पिंपें भरलीं होतीं. वर भात, त्याखालीं पोळ्यांचे तुकडे, मग उसळ, काकडीच्या चकत्या. मध्येंच प्लास्टिकचे दोन चमचे, दह्याची रिकामी डबी, आणि कोणा विद्यार्थ्याचें गळ्यांत अडकवावयाचें ओळखपत्र. त्यांतील भात पुष्कळसा कोणीं हातहि न लावलेला होता. आम्हीं मावशींस विचारलें, मुलांना जेवण आवडत नाहीं काय? त्यांचें उत्तर त्यांच्याच शब्दांत देतों. "पोरं वाईट न्हाईत हो. पुन्ना लायनीत उभं ऱ्हायला नको म्हणून एकदाच भरून घेत्यात. आन् भूक किती हाय ते बसल्यावरच कळतं की."

आम्ही दोन दिवस खुर्चीवर बसून जें जमवीत होतों तें त्या बाईंनीं दोन वाक्यांत सांगितलें. टाकलेलें अन्न हें आवडी-नावडीचें किंवा माजाचें फळ थोडें. रांगेच्या धास्तीचें व डावाच्या मापाचें फळ जास्त. त्यांत आणखी एक भर अशी, कीं आचारी रोज पटावरील संख्येवर तांदूळ भिजवितात. शनिवारीं-रविवारीं निम्मीं मुलें गांवीं किंवा बाहेर जेवावयास जातात, एखादें संमेलन असलें तर सगळींच जातात, आणि हल्लीं फोनवरून मागविलेलें जेवण फाटकाशीं येतें तें निराळेंच. आचाऱ्यास हें आधीं कोण कळविणार? मासिक पैसे अगोदरच भरलेले. जेवलें काय, न जेवलें काय, मुलाच्या खिशास कांहीं कळत नाहीं. कंत्राटदारासहि अन्न कमी पडून बोभाटा होण्यापेक्षां चार घमेलीं उरलेलीं परवडतात.

रांगेची व ताटाची ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेंतील विद्यापीठांच्या भोजनगृहांत मुलें मोठें तबक घेऊन फिरत व त्यांत जितकें मावेल तितकें ठेवीत. पुढें तेथील कित्येक विद्यापीठांनीं तबकेंच काढून टाकलीं; ज्याला हवें त्यानें एक बशी घ्यावी, लागल्यास पुन्हां यावें. अरामार्क नांवाच्या भोजन पुरविणाऱ्या कंपनीनें २००८ सालीं २५ संस्थांत सुमारें १ लाख ८६ हजार जेवणांची पाहणी केली, तींत तबक काढल्यावर दर माणशीं वाया जाणारें अन्न २५ ते ३० टक्क्यांनीं कमी झालेलें दिसलें. कंपनीस यांत स्वतःचा लाभ होता हें खरें, आणि तें लक्षांत ठेवूनच हे आंकडे वाचावे. पण कोणास उपदेश न करतां, कोणाचें पोट उपाशी न ठेवतां एवढा फरक पडतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आमच्या प्राध्यापकमित्रांनीं मुलामुलींच्या खाणावळ-समितीस बोलाविलें व आमच्यासमोर चर्चा लावून दिली. पहिली सूचना अपेक्षेप्रमाणें दंडाची आली. त्यावर स्थापत्यशास्त्र शिकणारी एक मुलगी म्हणाली, "दंड ठेवला तर पन्नास रुपये भरून टाकायचा परवानाच मिळेल." आम्हांस हें बोलणें फार पटलें. मग तिनेंच तीन गोष्टी सुचविल्या. भाताचा डाव निम्म्या मापाचा करावा. दुसऱ्यांदा घेणाऱ्यांसाठीं निराळें लहान टेबल मांडावें, म्हणजे पुन्हां रांग नको. आणि उद्यां कोण जेवणार नाहीं याची यादी आज संध्याकाळीं आचाऱ्याच्या हातीं पडावी. चौथी सूचना एका अबोल मुलाची होती. तो म्हणाला, रबरी पडदा काढावा, पिंप अलीकडे आणावें, ताट ज्याचें त्यानें झटकावें, आणि पिंपाखालीं वजनकांटा ठेवून रोजचें वजन फळ्यावर लिहावें.

पडदा निघाला. पहिले चार दिवस थट्टा झाली. कांहीं मुलें कागदी रुमालांत भात गुंडाळून खिशांतून बाहेर नेऊं लागलीं, हेंहि प्राध्यापकांनीं आम्हांस प्रांजळपणें कळविलें! दुसऱ्या आठवड्यापासून फळ्यावरच्या आंकड्याकडे मुलें क्रिकेटच्या धांवसंख्येसारखीं पाहूं लागलीं. फेब्रुवारींत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां तिनांचें पिंप एकावर आलें होतें, तेंहि कांठोकांठ नव्हतें. त्यांत निम्म्या डावाचा वांटा किती व पडदा काढल्याचा किती, हें सांगणें कठीण आहे. आमचें स्वतःचें मत पडद्याच्या बाजूचें आहे. आपण काय टाकलें हें ज्याला दिसतच नाहीं, त्याला तें टाकल्याचें भान कोठून यावें? आमच्या वाचकभगिनींस जें लागलें तें नासाडीपेक्षां हें असावें, कीं मुलाच्या नजरेंतून ताटच नाहींसें झालें होतें.

येथें कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? हल्लीं यंत्रें निघालीं आहेत. उष्ट्याचा गॅस करावा, गॅसवर भात शिजवावा. हें खरें आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचें नांव अभिमानानें घेण्याजोगें आहे. पुण्याच्या आरती या संस्थेंत डॉ. आनंद कर्वे — महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे नातू व इरावतीबाईंचे चिरंजीव — यांनीं २००३ च्या सुमारास घरगुती जैववायूचें एक लहान संयंत्र सिद्ध केलें. जुन्या गोबरगॅसला शेण लागे. डॉ. कर्वे यांचा मुद्दा असा, कीं गॅस करणारे जंतु हे गुरांच्या पोटांतलेच. गुरानें अन्नांतील सत्त्व शोषून घेतल्यावर उरलेलें शेण त्यांना देण्यापेक्षां सत्त्व असलेलें अन्नच कां देऊं नये? खरकटा भात, शिळी पोळी, सडकीं फळें यांत पिष्ट व साखर भरपूर. संस्थेच्या सांगण्याप्रमाणें जितका मिथेन वायु चाळीस किलो शेणापासून चाळीस दिवसांत मिळतो, तितका अशा दोनच किलो अन्नापासून एका दिवसांत मिळूं शकतो. या कामास २००६ सालीं इंग्लंडांतील ॲशडेन पारितोषिक मिळालें. इकडे मुंबईस भाभा अणुसंशोधन केंद्रानें 'निसर्गऋण' नांवाचें मोठ्या प्रमाणावरील संयंत्र तयार केलें. त्यांत अन्नाचा लगदा प्रथम हवेच्या सान्निध्यांत उष्णतेनें कुजवून मग हवाबंद टाकींत सोडतात.

शास्त्रांत कांहीं उणें नाहीं. उणें असतें तें नेमणुकींत. दुसऱ्या एका शिक्षणसंस्थेंत आम्हीं असलें संयंत्र पाहिलें. टाकीभोंवतीं गुडघाभर गवत होतें व उद्घाटनाची संगमरवरी पाटी मात्र लखलखीत होती. चौकशी केली तेव्हां कळलें, कीं ज्या शिपायानें तें चालविलें तो निवृत्त झाला. त्याच्यामागें कोणी खरकट्यांतून चमचे व पिशव्या निवडीना. लिंबाच्या साली, हाडें, अंड्यांचीं टरफलें सगळें एकत्र टाकींत गेलें. अन्न एकदम जास्त पडलें कीं आंतील द्रव आंबट होतो व जंतु मरतात. गॅस बंद पडून नुसती दुर्गंधी उरते. तसें येथेंहि झालें. विद्यापीठांचें व महाविद्यालयांचें मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषांत कचऱ्याची व्यवस्था व हरित परीक्षण यांची विचारणा होत आली आहे. त्यामुळें छायाचित्रास टाकी लागते. छायाचित्र काढून झाल्यावर ती कोणी चालवावी याची विचारणा तितक्या बारकाईनें होत नसावी. टाकी असूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. कांद्याच्या साली व भाजीचे देंठ कोणत्याहि स्वयंपाकघरांत निघणारच. पण जो भात ताटांतच यावयास नको होता त्याचा गॅस करणें ही मलमपट्टी झाली. किलोभर तांदूळ पिकण्यास सुमारें अडीच हजार लिटर पाणी लागतें. तें पाणी कोणतेंहि यंत्र परत देत नाहीं. आणि टाकी हा सुद्धां एक रबरी पडदाच होऊं शकतो.

टाकी नसेल तेथें पिंप कोठें जातें? २०१६ सालच्या घनकचरा-नियमांनीं दिवसाला सरासरी शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांस मोठे कचरा-उत्पादक ठरविलें, आणि पांच हजार चौरस मीटरांहून मोठ्या आवारांच्या संस्थांनीं ओला कचरा शक्य तों आपल्याच आवारांत जिरवावा असें सांगितलें. नियम झाला म्हणून पिंपें आवारांतच थांबलीं असें मात्र सर्वत्र झालें नाहीं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या हद्दींत ओतला गेला. तेथल्या विहिरींचें पाणी नासलें. गांवकऱ्यांनीं वेळोवेळीं गाड्या अडविल्या. ढिगाखालीं हवा न मिळतां कुजणाऱ्या अन्नांतून मिथेन निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ पट उष्णता धरून ठेवतो. आपल्या मुलाच्या ताटांतला भात फुरसुंगीच्या कोणा आईच्या विहिरींत उतरत होता, असें म्हटलें तर तें कवित्व होणार नाहीं.

महाविद्यालय व कचरा यांचा संबंध पुण्यांत एके ठिकाणीं फार निराळ्या रीतीनें जुळला, तो येथें सांगावासा वाटतो. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या — श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हें पुढील काळांतील नांव — पुण्यांतील प्रौढशिक्षण विभागांतील अध्यापिका १९९० च्या सुमारास कचरा वेंचणाऱ्या बायकांमध्यें काम करूं लागल्या. हेतु शिक्षणाचा होता. पण पाठीवर पोतें घेऊन पहाटेपासून कुंड्या उपसणाऱ्या बाईस बाराखडीपेक्षां आधीं हवी होती ती स्वच्छ वस्तु: न बरबटलेला कागद, न फुटलेली बाटली. मग अध्यापिका त्यांच्याबरोबर दारोदार गेल्या व घरच्या बायकांस म्हणाल्या, ओलें व सुकें निराळें ठेवा आणि सुकें या बाईंच्या हातांत द्या. त्यांतून १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांचा तिला आधार मिळाला. २००८ सालीं याच बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनें महापालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम हातीं घेतलें. यांतील बहुसंख्य बायका दलित समाजांतील आहेत. मांडवाबाहेर उभें राहणाऱ्यांच्या या नाती-पणती, आतां ओळखपत्र लावून, दाराची घंटा वाजवून येतात व कामाचा मोबदला मागतात. एवढा बदल झाला. पण आपण खरकटें, कांच व कागद एकत्र करून दिलें तर तेंच मागचें जिणें आपण त्यांच्या हातांत पुन्हां देतों.

मुलींच्या वसतिगृहांपुरती आणखी एक गोष्ट, संकोच सोडून लिहितों. पाळींतील घड्या उघड्याच टाकल्यानें त्या निवडणाऱ्या हातांस काय सोसावें लागतें याची कल्पना त्या मुलींस नसते, कारण त्यांना तें कोणीं सांगितलेलेंच नसतें. वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून वर तांबडा ठिपका काढावा व निराळें द्यावें, असा या संघटनेचा आग्रह आहे. यास खर्च कांहींच नाहीं. आयांनीं मुलीस वसतिगृहांत पोंचवितांना गादी-बादली घेऊन देतांना हें सांगून टाकावें.

गादी-बादलीवरून आठवलें. मे महिन्यांत मुलें खोल्या सोडतात त्या दिवशीं एखाद्या वसतिगृहाचें अंगण पाहावें. धडधाकट बादल्या, मग, टेबलावरचे दिवे, निम्म्या कोऱ्या वह्या, एकदांच वापरलेलीं प्रयोगवह्यांचीं बाडें, गाद्या! जूनमध्यें नवीं मुलें हींच सगळीं चिजवस्तु नव्यानें विकत घेतात. एक खोली मोकळी ठेवून तींत हें सामान ठेवलें व आवारांत नवागतांस अल्प किंमतींत दिलें, तर वर्षास किती घरांचे किती रुपये वांचतील! व्याख्यानांच्या वेळीं व्यासपीठावरच्या पाहुण्यांपुढें घोटभर पिऊन सोडलेल्या पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकमध्यें गुंडाळलेले पुष्पगुच्छ व समारंभागणिक नवा फ्लेक्स यांविषयीं आम्ही स्वतंत्र लिहूं. संतापाच्या भरांत लिहिलेलें चांगलें उतरत नाहीं. महाराष्ट्रांत २०१८ सालीं व देशभर १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेकावयाच्या कित्येक प्लास्टिक-वस्तूंवर बंदी आली. आमच्या पाहण्यांतल्या पिंपांतले चमचे त्यानंतरचे आहेत.

आतां भगिनींच्या प्रश्नाकडे वळतों. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-कार्यक्रमानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत २०२२ मधील जगांतील अन्नाच्या नासाडीचा आंकडा सुमारें १०५ कोटी टन दिला आहे. त्यांतील सुमारें ६३ कोटी टन घराघरांतली. खानावळी व उपाहारगृहें यांचा वांटा २९ कोटींचा. म्हणजे वसतिगृहाकडे बोट दाखविण्याआधीं आपल्याच शीतकपाटाचें दार उघडून पाहिलें पाहिजे. आम्हीं भगिनींस उत्तरीं लिहिलें तें असें: आपला मुलगा अठरा वर्षें आपल्या घरीं जेवला, पण किती जणांस किती तांदूळ घ्यावे हें त्यास कोणीं कधीं विचारलें काय? पोळ्या मोजून लाटल्या जातात हें त्याला ठाऊक आहे काय? मुलीस आपण हें शिकवितों व मुलास नुसतें वाढतों; तो नको म्हणाला तर 'एवढीशी तर आहे' म्हणून आणखी वाढतों. मग वसतिगृहाच्या वाढप्यानें न विचारतां डाव रिता केला तर मुलास त्यांत नवें असें काय वाटावें?

पत्र टाकल्यावर आम्हांस जरा कठोर लिहिल्यासारखें वाटलें. परंतु संक्रांतीनंतर त्यांचें दुसरें पत्र आलें, त्यांत राग नव्हता.

खाणावळीचें म्हणाल तर मार्चअखेर परीक्षा सुरू झाल्या व समितींतलीं मुलें अभ्यासास लागलीं. ती स्थापत्यशास्त्राची मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. प्राध्यापकांनीं लिहिलें आहे, कीं वजनकांटा सध्यां कपाटांत आहे, फळ्यावरचा शेवटचा आंकडा मार्चमधला आहे, आणि कंत्राटदारानें निम्म्या मापाचा डाव मात्र चालूच ठेवला आहे, कारण तांदूळ वांचतात. रबरी पडदा पुन्हां लावावा अशी सूचना कार्यालयाकडून आली होती; मावशींनीं तो कोठें ठेवला आहे हें कोणास सांपडत नाहीं. जुलैमध्यें नवीं मुलें येतील तेव्हां आम्ही पुन्हां जाऊन पाहणार आहों.

भगिनींच्या दुसऱ्या पत्रांतला वृत्तांत असा. चिरंजीव संक्रांतीस दोन दिवस आले होते. आईनें तांदळाचें माप त्याच्याच हातांत दिलें. त्यानें चार माणसांसाठीं सहा जणांचा भात लावला. दुसऱ्या दिवशीं उरलेल्याचा फोडणीचा भात करावा लागला. तोहि त्यानेंच केला, व त्यांत मीठ घालावयास विसरला. पानांत कोणीं टाकला नाहीं.